ओन्नीची सकाळची मेल

प्रिय इर्या,

तुझं पत्र मिळून तीन आठवडे झाले. इतके दिवस का लागले म्हणशील, तर खरं सांगतो, हिंमत होत नव्हती. रोज टेबलाशी बसायचो, 'प्रिय इर्या' लिहायचो आणि छप्पर कुठे गळतंय का बघायला उठायचो. छप्पर ठणठणीत आहे. तू लिहिलंस, 'आर्वोकाका, बाबांनी जन्मभर परक्यांच्या आठवणी सांभाळल्या आणि आईचा आवाज तेवढा हरवून बसले. त्यांच्या नावाची पाटी काढलीत ते बरं केलंत. जूनमधल्या शेकोटीच्या सणाला मी येणार नाही.' हे मी इतक्या वेळा वाचलंय की कागद घडीवर फाटायला आलाय. रागावू नकोस, पण आज जरा लांबण लावणार आहे. शेवटपर्यंत वाच, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल.

तुझा बाप ओन्नी आणि मी संग्रहालयाच्या मागच्या खोलीत एकवीस वर्षं पाठीला पाठ लावून बसलो. पुढच्या दालनात तांब्याच्या खाणीतली हत्यारं आणि शाळेच्या सहली, मागे आम्ही दोघं आणि चार कॉम्प्युटरची मशिनं. म्हाताऱ्या खाणकामगारांच्या टेपा ऐकायच्या, मशिनवर उतरवायच्या आणि रोज पहाटे सगळ्याचं एक गाठोडं बांधून तळघरातल्या डिस्कवर ठेवायचं, एवढं आमचं काम. बांधायची आज्ञा 'टार', म्हणजे असंख्य फायली एकात कोंबणारी. ती रोज हाताने कोण देणार, म्हणून ओन्नीने आज्ञांची एक यादी, म्हणजे स्क्रिप्ट, लिहून ठेवली होती. पहाटे आपोआप चालायची, गाठोडं बांधायची, आठ दिवसांपूर्वीचं फेकायची आणि पाच वाजून दहा मिनिटांनी मला मेल धाडायची : 'आर्वो, सगळं बांधून ठेवलंय. आता कॉफी घे. - ओन्नी.' मी चिडवायचो, 'अरे, शेजारी बसतोस आणि मेल कसली पाठवतोस? लग्नाचं आमंत्रण आहे का?' तो नुसता हसायचा. दर महिन्याच्या एक तारखेला मात्र तो एक गाठोडं त्याच्या जुन्या मशिनवर सोडायचा आणि त्यातली एक टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा. 'बांधतो कोणीही रे,' म्हणायचा. 'सोडून बघतो तो शहाणा.' मी म्हणायचो, 'खिम्याची पास्टी भाजल्यावर दर वेळी फोडून बघतोस का?' तर म्हणे, 'लोकांना वाढायची असेल तर एक तरी फोडावी.' असला चिकट माणूस.

तुझ्या आईच्या अकरा टेपा त्याने त्यातच ठेवल्या होत्या. आजारपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात तुझी आई, हेल्मी, रोज थोडं बोलायची. वेलदोड्याचा पाव कसा मळायचा, तू झालीस त्या दिवशी रस्त्यावर किती बर्फ होतं, असं काय काय. सगळं तुझ्यासाठी. तू तेव्हा एकोणीस वर्षांची. कानांवर हात ठेवून म्हणालीस, 'मला नाही ऐकवत.' ओन्नी म्हणाला, 'नको ऐकूस. माझ्याकडे आहे. तुला वाटेल तेव्हा माग.' पुढे तळघरात पाणी शिरून मूळ कॅसेटी कुजल्या, तेव्हाही तो शांत होता. गाठोडं आहे ना, म्हणाला. तो शब्द तू लक्षात ठेवलास, आणि मुलगी झाल्यावर, तिला आजीचं नाव दिल्यावर, या फेब्रुवारीत तो माझ्याकडे मागितलास. तू मागितलंस त्यात काहीच वावगं नव्हतं.

साडेनऊ वर्षांपूर्वी ओन्नीला पुरलं, त्याचा दुसरा दिवस आठवतो. पहाटे कामावर गेलो, मशिन उघडलं आणि मेल आली. 'आर्वो, सगळं बांधून ठेवलंय. आता कॉफी घे. - ओन्नी.' इर्या, अंगावर सर्रकन काटा आला. आदल्या दिवशी मीच त्याच्या पेटीवर माती टाकली होती. स्क्रिप्ट आहे, तिला जन्ममरण कळत नाही, हे मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. बंद करायला चार अक्षरं पुरली असती, पण ते म्हणजे त्याला दुसऱ्यांदा पुरणं. आणि वाचायची तर छाती नव्हती. मग मी पळवाट काढली. ओन्नीच्या नावाची मेल आली की न उघडता आपोआप एका वेगळ्या खणात जाईल असं करून ठेवलं. खणावरचा आकडा तेवढा दिसायचा. आकडा वाढतोय म्हणजे ओन्नी कामावर आहे, सगळं ठीक आहे. साडेनऊ वर्षं मी आकड्याकडे बघून कॉफी प्यायलो. एक तारखेचं सोडून बघणंही मी बंद केलं. त्या मशिनसमोर त्याच्या खुर्चीत बसवत नव्हतं.

जानेवारीत टेपांची डिस्क मेली. मी म्हटलं, त्यात काय, गाठोडं सोडू. सोडलं, तर आत टेपाच नाहीत. आदल्या दिवशीचं सोडलं, त्यातही नाहीत. आठही गाठोडी सोडली, एकातही नाहीत. खाणकामगारांच्या मुलाखतींच्या प्रती विद्यापीठाकडे होत्या, त्या परत मिळाल्या. तुझ्या आईच्या खासगी टेपा दुसऱ्या कुणाकडे असणार? एप्रिलमध्ये संग्रहालयाच्या बैठकीत अध्यक्षीणबाई डार्लीन म्हणाल्या, 'म्हणजे ओन्नीची स्क्रिप्टच सदोष होती तर.' सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी, तुझा आर्वोकाका, मूग गिळून बसलो. नुसता बसलो नाही, मान हलवली. मेलेला माणूस काही उठून भांडायला येत नाही. दारावरची 'ओन्नीची खोली' ही पितळी पाटी काढायचं ठरलं, तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर माझ्याच हातात होता. चार स्क्रू. शेवटचा गंजला होता, निघता निघेना. तरी काढला.

आता जे लिहायला इतके दिवस लागले ते. ओन्नी गेल्यावर मार्चमध्ये जुनी डिस्क गच्च भरली. टेपा सगळ्यांत जड, म्हणून मी त्या नव्या डिस्कवर हलवल्या आणि जुन्या जागी एक दुवा ठेवला. दुवा म्हणजे बिऱ्हाड हलवल्यावर जुन्या दारावर चिकटवतात ती चिठ्ठी, 'आम्ही अमुक ठिकाणी राहतो.' मशिनवर बसणाऱ्याला फरक कळत नाही, तो चिठ्ठीवरून नीट पोचतो. पण टारला मुद्दाम सांगितलं नाही तर ती चिठ्ठीमागे जात नाही, चिठ्ठीच उचलून गाठोड्यात घालते. हे मला ठाऊक होतं. ओन्नीनेच शिकवलं होतं. स्क्रिप्टमध्ये एक अक्षर वाढवायचं राहिलं, कारण त्याची स्क्रिप्ट उघडायला मन धजेना. साडेनऊ वर्षांतली नऊ वर्षं मी तुझ्या आईच्या आवाजाऐवजी एक पत्ता जपत होतो. चूक त्याची नाही, इर्या. माझी आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

बैठकीतच मला हे कळलं होतं, फक्त बोलायची लाज वाटली. तुझं पत्र आलं त्या दुपारी ठरवलं, पुरे झालं, आता स्क्रिप्ट बंद करायची. पण त्याआधी तो खण एकदा उघडायचा. तीन हजार चारशे एकसष्ट मेल्स, एकही वाचलेली नाही. पहिल्या शंभरेक नेहमीच्याच. मग मार्चमधली, मी डिस्क बदलली त्याच्या दुसऱ्या दिवशीची. ती अशी होती : 'आर्वो, आजचं गाठोडं फार हलकं लागतंय. एकदा सोडून बघ. शेवटचं जड गाठोडं मी फेकलेलं नाही, माझ्या जुन्या मशिनवर ठेवलंय. - ओन्नी.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. त्या सकाळपर्यंत, रोज, न चुकता. त्याने जिवंतपणीच अशी सोय करून ठेवली होती की वजन एकदम उतरलं तर जुनं टाकायचं नाही आणि आर्वोला सांगत राहायचं. तो नऊ वर्षं माझ्या कानाशी ओरडत होता गं, आणि मी त्याच्यासाठी रडायचं म्हणून कान बंद करून बसलो होतो.

त्याचं मशिन जिन्याखालच्या कोठडीत अजून घरघरतंय. 'हात लावाल तर माझ्या वाफेच्या सौनात प्रवेश बंद' अशी त्याची चिठ्ठी आहे, म्हणून कोणी विझवलंच नाही. गाठोडं तिथेच होतं. सोडलं, अकराही टेपा आहेत. काल डार्लीनबाईंसमोर उभं राहून सगळं कबूल केलं आणि पाटी परत लावली, चार नवे स्क्रू घालून. त्या काय म्हणाल्या ते लिहीत नाही, मला शोभेल असंच बोलल्या. पत्रासोबतच्या डबीत त्या टेपांच्या प्रती आहेत. तुझ्या बापाचा नियम मोडवेना, म्हणून नीट निघाल्यात की नाही बघायला फक्त शेवटच्या टेपचा शेवट ऐकला. बाकी तुझं आहे. हेल्मीला धाप लागलीय, ती थांबते, आणि तुला नाही, यंत्रापाशी बसलेल्या त्याला म्हणते, 'सगळं बांधून ठेवलंस ना, ओन्नी? मग आता कॉफी घे.' ती मेल कधी माझ्यासाठी नव्हतीच, इर्या. आई गेल्यापासून तो रोज पहाटे तिलाच कळवत होता. शेकोटीला ये किंवा नको येऊस, पण त्याच्यावर रागावू नकोस. माझ्यावर रागाव.

तुझाच, उशिरा तोंड उघडणारा,
आर्वोकाका