साठ दिवसांची नोटीस

१० मे १९८६, शनिवार

पेणच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली, दुपारच्या एस.टी.ने कासूला आले. बाबांनी धड विचारपूससुद्धा केली नाही. जेवताना एवढंच — "चंद्रे, मीठ जास्त झालंय," आणि ताट सरकवलं. जास्त म्हणजे किती? चिमूटभर! आई गेल्यापासून हे बोलणं माझ्या वाट्याला. पस्तीस वर्षं मिठागरात काढलेल्या माणसाला मिठाचं कोण शिकवणार.

११ मे

सकाळी बाबांबरोबर मिठागरावर. पद्धत तीच. वाफ्यातलं पाणी ओंजळीत घ्यायचं, जिभेवर धरायचं, थुंकायचं. मग हुकूम — "कच्चं हाय. दोन दिस थांबा." की वीस माणसं थांबतात. मीटर-बिटर कोणाकडे नाही. सखाची, म्हणजे बाबांची, जीभ सांगेल तेव्हाच मीठ ओढायचं.

पण तिसरं वर्ष झालं, भरतीबरोबर केमिकल कंपनीनं खाडीत सोडलेलं पाणी येतं. वाफ्यात पिवळा फेस. बाबा चूळ भरत होते तेव्हा तोंडात पाहिलं. जीभ सोललेली, कडेला पांढरे फोड. म्हटलं, ते पाणी तोंडात घेऊ नका.

"मग काय बोट बुडवून कळंल?"

भांडले. काही उपयोग नाही.

१४ मे

रोह्याला अब्राहमकाकांकडे. बाबांचे जुने दोस्त, कोर्टात कारकून होते. मुलगा कधीचा इस्रायलला बोलावतोय. काका म्हणतात, "इथली कुत्रीसुद्धा मला ओळखतात. तिथं माझ्यावर भुंकणार कोण?"

त्यांनी इंग्रजी पेपर पुढे केला. दिल्लीत पर्यावरणाचं बिल आलंय. घाण पाणी सोडणाऱ्याला पाच वर्षं तुरुंग, लाखापर्यंत दंड. साधा माणूससुद्धा कोर्टात जाऊ शकणार! खोटं कशाला लिहू, डोळे भरून आले.

"पुढचं ऐक," काका म्हणाले. आधी सरकारला साठ दिवसांची नोटीस द्यायची. मग कोर्ट.

"साठ दिवसांत काय होईल, काका?"

"काय होणार गो? शंभरावर भरत्या येतील. खाडी धुऊन चकाचक."

मग स्वतःच म्हणाले, पुरावा आपणच जमवू. सरकारी माणूस नमुना घ्यायला येईल तेव्हा येईल, सखाची जीभ तर आहे! कुठल्या भरतीला कंपनीचं पाणी आलं, ते बाबांनी चाखून सांगायचं, मी तारीखवार लिहायचं. यादी नोटिशीला जोडायची.

म्हणजे बाबांनी ते पाणी आणखी चाखायचं. हे परतीच्या गाडीत ध्यानात आलं. तरी मी नाही म्हटलं नाही.

१५ मे

सकाळची भरती — स्वच्छ. संध्याकाळची — कंपनीची. बाबा खूश. "कोर्टात हुबा करा मला, घोटभर पाणी द्या, सांगतो."

१८ मे

सकाळ — कंपनीची. संध्याकाळ — कंपनीची.

२२ मे

आज वाईट झालं. बाबांनी चाखलं, म्हणाले, "पिकलंय, ओढा." दुपारपर्यंत मीठ काठावर. रघूनं मुठीत घेतलं, तर पाणी गळतंय. ओलं, कडवट. बाबांच्या हाताखाली शिकलेला माणूस, मान खाली घालून म्हणाला, "काका, कच्चं हाय."

असं कधीच झालं नव्हतं. बाबा म्हणाले, ऊन कमी पडलं. ऊन तर डोकं फोडतंय. दिवसाची मेहनत परत वाफ्यात लोटली.

२३ मे

सकाळ — स्वच्छ. संध्याकाळ — स्वच्छ. मला फेस दिसला होता. बाबा म्हणाले, तुला काय कळतं त्यातलं. लिहिलं ते सांगतील तसं.

२६ मे

काकांचं पत्र. बिल पास झालं. पण लागू कधी करायचं, ते सरकार सवडीनं ठरवणार. "तरी आपला कागद आधी पोचलेला बरा," असं लिहून टाइप केलेली नोटीस पाठवलीय.

बोटांवर मोजलं. आज टाकली तरी जुलै संपणार. तोवर मिठागरावर कंबरभर पावसाचं पाणी. साहेब येऊन नमुना कसला घेणार, बेडकांचा? मला यातून काही निघेल असं वाटत नाही. बाबांना वाटतं. यादीचं पान रोज वाचून दाखवायला लावतात, मान डोलवतात.

३१ मे

मिठागर पावसाळ्यासाठी बंद झालं. यंदा अर्धंसुद्धा निघालं नाही. रघू रोह्याला कंपनीत काम बघतोय — ही नाही, दुसरी. घाण पाणी तिचंही कुठेतरी जातच असेल. त्याला काय बोलणार?

१ जून

बाबांनी नोटिशीवर अंगठा उठवला, यादीच्या प्रत्येक पानावरही. उद्या वडखळच्या पोस्टात जाऊन रजिस्टर करायची.

त्या गडबडीत कालवणात मीठ घालायचंच राहिलं. माझा पहिला घास तोंडातच राहिला. बाबांनी दोनदा मागून घेतलं, ताट पुसून खाल्लं.

म्हणाले, "आज मीठ बरोबर पडलंय, चंद्रे."