‘खाली’ म्हटलं की खाली

९ जुलै

पाचवा दिवस. पाऊस हटायला तयार नाही. आणि नेमका आज नगरपालिकेच्या साहेबांचा फोन — टेकडीला टेकू देणारी ती लांबलचक भिंत आहे ना, तिच्या वरच्या अंगाचे फोटो हवेत. शिडी तिथवर पोचत नाही, दोराने माणूस सोडायचा तर वारा. "तुमचं ते यंत्र जाईल का?" यंत्र! आमच्या ड्रोनला पाण्याचं वावडं आहे, बॅटरीच्या खाचेत एक थेंब गेला की खेळ खलास, हे त्यांना तीनदा सांगितलं. त्यावर म्हणाले, "भिंतीखाली चाळीस घरं आहेत. पुराव्याशिवाय एकही हलवता येत नाही मला. भेग दाखवा, तासाभरात सही करतो."

दादाला विचारलं. "उघडीप मिळाली तर," एवढंच म्हणाला. आमचं कामाचं ठरलेलं आहे — मी पडद्यात बघून उडवायचं, त्याने शेजारी उभं राहून आभाळात ड्रोनवर नजर ठेवायची, आणि त्याने ‘खाली’ म्हटलं की खाली. का, कशाला, ते नंतर. सहा वर्षं झाली. सख्ख्या भावंडांत बिनवादाची ही एकच गोष्ट असेल!

१० जुलै

उघडीप नाही. दिवसभर खिडकीला चिकटून होते. वहिनी म्हणाली, "बघून बघून आभाळ आटत नाही. भाजी निवडा." निवडली.

११ जुलै

सकाळी अकराला पाऊस थांबला. धावत सुटलो. भिंतीखालच्या गल्लीत सगळीकडे डबकी, म्हणून घरचं जाडं पायपुसणं अंथरलं आणि त्यावरून ड्रोन उडवला. शेवटच्या घराच्या दारातून एक बाई ओरडली, "आमच्या छपरावर पाडू नका हो तो पंखा! आधीच गळतंय!" हसू आलं. मग तिच्या मागे पाळणा दिसला.

फोटोंसाठी भिंतीचे चार भाग पाडले होते. तीन झाले, छान झाले. चौथ्याला वळवला आणि भुरभुर सुरू. पुढच्या सेन्सरवर थेंब बसले. ड्रोनला वाटलं समोर काहीतरी आडवं आलंय — जागच्या जागी खिळला! पुढे जाईना. तेवढ्यात दादा — "खाली!"

आणला. हातातच झेलला, बॅटरी काढली, टॉवेलात गुंडाळला. "दोन मिनिटं थांबला असतास तर," मी म्हटलं. तो म्हणाला, "ठरलंय ना आपलं."

चौथा भाग राहिला. पाळण्याच्या घरामागचा.

१२ जुलै

ड्रोन पंख्याखाली वाळतोय. लेन्सच्या आत वाफ धरली आहे. पूर्ण वाळल्याशिवाय बॅटरीला हात लावायचा नाही. साहेबांचे दोन फोन — "चौथ्याचं काय?" चौथ्याचं काय, काय सांगू! धड झोप नाही, धड जेवण नाही.

१३ जुलै

तीनला पाऊस थांबला, पुन्हा गेलो. ह्या वेळी थेट चौथा भाग. अर्ध्या वाटेत चार थेंब पडले. चार! बाजूच्या पत्र्यावर ताशा वाजायला लागला, एवढंच. पडद्यावर सगळं स्वच्छ दिसत होतं. आणि हा — "खाली! खाली आण!"

आणला. नियम म्हणजे नियम. पण गाडीत माझा तोल सुटला. भित्री भागूबाई म्हटलं. वय झालं तुझं, म्हटलं. आणखीही बोलले, ते इथे लिहायची लाज वाटते. तो खिडकीबाहेर बघत बसला. उलट बोलला असता तर बरं झालं असतं.

१४ जुलै

भिंतीतलं पाणी बाहेर पडायला ज्या नळ्या ठेवल्यात, त्यांतून कालपर्यंत नितळ पाणी येत होतं. आज गढूळ. साहेब स्वतः बघून आले. "मागची माती वाहायला लागलीय. पण वरचे लोक म्हणतात, पावसात गढूळ येणारच." आवाज बसला होता त्यांचा.

मी ठरवलं. उद्या पाऊस असो नसो, उडवणार. दादा म्हणाला, "पावसात नको गं." मी म्हटलं, "मग घरी बस." बसला नाही.

१५ जुलै

अक्षर बघ कसं आलंय.

पाऊस पडतच होता. एका पडवीतून उडवला. सेन्सर बंद केले — म्हणजे आता भिंतीवर आपटला तरी त्याला कोणी अडवणार नाही, सगळा भार माझ्या अंगठ्यांवर. वारा भिंतीला धडकून उलटा येत होता. दादा सुरुवातीपासूनच — "खाली!" मी ऐकलं नाही. "खाली म्हणतोय ना!" त्याने माझं कोपर धरलं. झटकलं मी. थोरल्या भावाचा हात झटकला!

आणि दिसली. वेलींच्या मागे, माथ्यापासून अर्ध्या भिंतीपर्यंत उभी भेग. मनगट जाईल एवढी. दहा सेकंद स्थिर धरला. मग पडदा काळा. ड्रोन गेला. पण तोवरचं सगळं फोनवर उतरलं होतं.

साहेबांनी ते एकदाच बघितलं आणि उभ्या उभ्या सही केली. संध्याकाळपर्यंत चाळीसही घरं रिकामी. पाळणा मी उचलून नेला. बाई वाटभर मला शिव्या देत होती — पंखा आणलात तेव्हापासून साडेसाती!

१६ जुलै

सकाळी सव्वासहाला भिंत कोसळली. चौथाच भाग. अकरा घरं मातीखाली. माणूस एकही नाही.

१७ जुलै

दिवसभर माणसं येत होती, फोन येत होते. ती पाळण्याची बाई तर गळ्यातच पडली, रडली. वहिनी जो येईल त्याला पहिल्यापासून सगळं सांगत होती. खरं सांगते, छाती फुगली. दादाचं ऐकलं असतं तर काय झालं असतं, हा विचार दिवसभर मनात होता, आणि तो मला गोडही लागला. दादा काही वरच्या खोलीतून खाली आला नाही. डोकं दुखतंय म्हणाला.

१८ जुलै

दादा आज खोलीत आला. दार लावलं. म्हणाला, "वर्ष झालं, मला ड्रोन दिसत नाही. पंख्यांच्या आवाजावर सांगत होतो तुला. पावसात आवाज ऐकूच येत नाही गं, म्हणून खाली म्हणायचो."

शाळेचं मैदान डोळ्यांसमोर आलं. गेल्या डिसेंबरातलं शूटिंग. खाली तीनशे मुलं, वर आमचा ड्रोन, आणि शेजारी हा — "दिसतोय, दिसतोय, जाऊ दे पुढे."

"तेव्हाही?" मी विचारलं.

हो म्हणाला.