पाट श्रियालाच

मी, रेखा लाडक्या दुमाडा, वय एकसष्ट, निवृत्त नर्स, राहणार टूवूंबा, क्वीन्सलँड, पूर्ण शुद्धीत आणि भयंकर रागात हे मृत्युपत्र करते. राग कुणाच्या दबावाखाली आलेला नाही. तो स्वकष्टार्जित आहे.

१. घर, गाडी व बँकेतली शिल्लक मुलगी मिताली हिला, कलम चारच्या अटीवर.

२. बापाने तासलेला लाकडी पाट नात श्रिया हिला. माझे आईबाप लग्नगडी होते. लग्नासाठी मालकाकडून उचल घेतली आणि दोघं जन्माचे गुलाम झाले. शेवटी आणखी चार घरांबरोबर पळाले, जव्हारकडच्या डोंगरात लपून वस्ती केली. तिथे जन्मलेली मी पहिली, कुणाच्याच मालकीची नसलेली. परका माणूस वर चढला की मोठी माणसं जंगलात पांगायची, कारण दरडावणीचा आवाज आला की गुलामीच्या सवयीने ती आपोआप उठून उभी राहायची. दारात मला पाटावर बसवायचे. आई बजावायची, "बसूनच बोल. उठलीस की गड्याची पोर म्हणून ओळखतील." एकदा मालकाचा माणूस ओरडला, "ऊठ गं! कोणाची तू?" मी बसूनच म्हटलं, "माझी मीच." गड्याची पोर अशी बसून बोलणार नाही, असं समजून तो परत गेला.

३. यतीन, त्या मालकाचा नातू, आता इथेच टूवूंबात राहणारा, याला काहीही नाही. इथल्या दिवाळीत तो सगळ्यांदेखत म्हणाला, "रेखाताईंचे आईवडील आमच्याकडे कामाला होते. अगदी घरच्यासारखे!" घरच्यांना गोठ्यात कोंडतात का रे, मेल्या? आणि माझीच मिताली माझा हात दाबून पुटपुटली, "आई, लेट इट गो ना." श्रियाला तिने सांगून ठेवलंय, पणजोबा फार्मर होते. जळ्ळं मेलं ते फार्मर!

४. मितालीने हे मृत्युपत्र श्रियाला मोठ्याने वाचून दाखवावं. पोरीला मराठी कळलं नाही तर इंग्रजीत सांगावं, 'फार्मर' न म्हणता. वाचल्याची वकीलबाईंनी खात्री करावी, मगच घराची किल्ली द्यावी. मिताली, मला तुझी लाज वाटली गं. तुला माझी वाटू नये.

५. यतीन भेटायला येईलच. त्याला चहा द्यावा. तो 'हिचे पणजोबा आमच्याकडे' असं सुरू झाला, तर श्रियाने या पाटावर बसून पणजोबांची खरी हकीकत सांगावी. इंग्रजीत सांगितली तरी चालेल. पाटावरून मात्र उठू नये.

दोन्ही साक्षीदारांसमक्ष, माझ्या स्वयंपाकघरात, त्याच पाटावर बसून सही केली.

रेखा लाडक्या दुमाडा

साक्षीदार: सरिता कुलथे, शेजारीण
अनिश पाटणकर, स्नेही

टूवूंबा, १४ मार्च २०२५