मॅडमची सही आणि चौदा जणींच्या शिंका

भोर, मंगळवार

आदरणीय दादूमामा यांस भाची वनिताचा सविनय जय भीम.

तुमचा गुडघा कसा आहे? वेल्ह्याला गारवा फार, तेव्हा पायमोजे घालत जा. (घालत नाही, हे मला ठाऊक आहे.) धम्मदीपदादाकडे राहायला गेल्यापासून तब्येत सुधारली असं मामी सांगत होत्या, ऐकून बरं वाटलं. मोबाईलच करणार होते, पण कारखान्याचा विषय काढला की नेमकी तुमची रेंज जाते, म्हणून पत्र एसटीच्या कंडक्टरकडे देते आहे.

तर गेल्या गुरुवारी आपल्या विडी कारखान्याची तपासणी झाली. परवान्याची मुदत महिनाअखेर संपते. नवा मिळाला नाही तर दाराला कुलूप, आणि मी धरून चौदा बायका घरी. त्या धास्तीनं आठ दिवस आधीपासून आम्ही झाडलोट करत होतो. कामगार खात्याच्या शेफाली मॅडम आल्या. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण नजर करडी. हजेरीपत्रक पाहिलं, नळ सोडून पाहिला, बायकांच्या संडासाची कडी स्वतः लावून पाहिली. सगळं ठीक. टेबलाशी बसून सहीसाठी पेन काढलं, आणि रत्ना शिंकली.

आपल्या घरात शिंक कुणी मानत नाही. पण धोंडाबाई मानतात, आणि पंचवीस वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळलेल्या बाईला कोण अडवणार? त्यांनी सरळ मॅडमचा हातच धरला. "थांबा बाई, शिंकलं कुणीतरी. घोटभर पाणी प्या, मग करा सही." मॅडम हसून पाणी प्यायला उठल्या, आणि माठ जर्द्याच्या पोत्यांना खेटून ठेवलेला त्यांना दिसला. ते लिहून घेतलं. पुन्हा पेन उचललं तर बनाबाई शिंकली. पुन्हा थांबा. बसल्या बसल्या काय करायचं म्हणून मॅडमनी प्रथमोपचाराची पेटी उघडली. आत कापूस नाही, मलम नाही, नुसत्या चुन्याच्या डब्या आणि ठकुबाईचा कंगवा. (पेटी मी पुसली होती, पण बाहेरून.) तेही लिहिलं. मग मी सगळ्यांना तोंडाला पदर लावायला सांगितलं. सगळ्या जणी श्वास कोंडून बसल्या. मॅडमनी पेन टेकवलं, पहिलं अक्षर काढलं, आणि शिंक आली ती मला. खोटं कशाला सांगू मामा, 'थांबा' हेही मीच म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

मॅडम थांबल्या त्या थांबल्याच. पेन ठेवून त्यांनी घड्याळ लावून शिंका मोजल्या. दहा मिनिटांत एकवीस, धोंडाबाईंचा खोकला वेगळा. हे रोजचंच का, असं विचारल्यावर धोंडाबाई म्हणाल्या, "व्हय की. धंदाच तसला हाय." मग मॅडमनी खिळे ठोकून बंद केलेली खिडकी पाहिली. कुणी बंद केली विचारलं, मी त्यांना चहा विचारला. शेरा पडला: खिडकी उघडावी, येत्या गुरुवारी पुन्हा पाहणी, मगच परवाना. (शेरा लिहिताना कुणीही शिंकलं नाही.) आधी मला मॅडमचा राग आला. घरी आल्यावर मात्र स्वतःची लाज वाटली. धोंडाबाई इतकी वर्षं खोकतात आणि आम्ही त्याला सवय म्हणत आलो.

मामींना जय भीम सांगा. गुडघ्याला तेल लावा.

तुमचीच भाची,
वनिता

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. ती खिडकी तुमच्या गोठ्याकडे उघडते. तंबाखूच्या धुळीनं म्हैस शिंकते म्हणून सहा वर्षांपूर्वी तुम्हीच खिळे ठोकले होते. आत माणसं शिंकतात, हे तेव्हा तुमच्याही ध्यानात आलं नाही आणि माझ्याही. आता म्हैस विकून दोन वर्षं झाली, गोठा रिकामा आहे. तरी खिडकी उघडायला परवानगी द्यावी, ही विनंती.

ता. क. २. परवानगीची वाट बघणार होते, पण धोंडाबाईंनी कालच पक्कड आणून खिळे उपटले. आज दिवसभरात त्या दोनदाच खोकल्या. तुम्हाला खिळे परत ठोकायचे असतील तर अवश्य या. फक्त हातोडी उचलताना कुणी शिंकलं तर धोंडाबाई ठोकू देणार नाहीत, आणि शिंकायला आम्ही चौदा जणी तयार बसलो आहोत.