गंगूच्या गाण्यातलं शेवटचं कडवं

१९ जाने., सोम.
तक्रार नोंदवून ठेवतो. अख्ख्या नव्या पेठेत ग्राफपेपर फक्त हिरव्या रेघांचा. निळा मागितला तर दुकानदार म्हणतो, "सर, रेघा मोजायच्यात की बघत बसायचंय?" पंचवीस वर्षं पोरांकडून शब्दरूपं घोकून घेतलेल्याला हे ऐकावं लागतं. घेतला हिरवा. गंगू-बिराच्या गाण्याचं वॉल हँगिंग. पाच चित्रं. चौकोन मी रंगवायचे, नरसय्यानं मागावर विणायचं.

२१ जाने., बुध.
थोरली बहीण, अक्का, वळसंगहून आली. गाणं तिच्याच तोंडचं. गंगूचा जीव बिरा धनगरावर, बाप तिला दुसरीकडं देतो. ती पळून माहेरी येते. बाप गाडी जुंपून परत पोचवायला निघतो... इथं थांबली. "फुडचं न्हाय. लेक माहेरी हाय."
पुढं विहीर आहे एवढं मला ठाऊक, शब्द नाहीत. सासुरवाशीण लेक घरात असताना ते कडवं म्हणत नाहीत. आमची मुक्ता संक्रांतीला आली, बार्शीला परत जायचं नाव काढत नाही. विचारलं. "काही नाही बाबा."
म्हटलं, "तुझ्यापायी गंगू गाडीतच ताटकळलीय." हसली. जराशी.

२४ जाने., शनि.
नरसय्या चार कागद बघून गेला.
"सर, बाप समद्या चित्रात पाठमोरा?"
"चेहरा चौकोनांत मावत नाही."
"गंगूचं नाक मावलं की."

२६ जाने., सोम.
जावईबापूंचा फोन. "पाठवताय ना?" आवाज गोड. मुक्ताला समजावलं. भांड्याला भांडं लागतंच वगैरे. मधे दोन सुभाषितंही. ती ऐकत होती, बॅग भरत.

२७ जाने., मंगळ.
बार्शीच्या एस.टी.त मीच बसवून आलो. खिडकीतून म्हणाली, "आता आत्याला म्हणता येईल की." थट्टाच असावी. माझीच लेक.

३० जाने., शुक्र.
अक्काला वळसंगला फोन. म्हटलं, लेक गेली, आता सांग कडवं.
"तूच पोचवलास व्हय?"
ठेवलाच तिनं.

२ फेब्रु., सोम.
पाचवा कागद तसाच. मुक्ताला रोज फोन करतो, रोज जावई उचलतात. स्वयंपाकात आहे, झोपलीय, देवळात गेलीय. मी बरं बरं म्हणतो.
संक्रांतीला कासार आला तेव्हा तिनं बांगड्या भरून घेतल्या नाहीत. मनगट पदराखाली. मी पाहिलं होतं. विचारलं नाही. ती का आली होती, मला ठाऊक नाही. सहा दिवस तिचा आवाज ऐकलेला नाही. भीती वाटते.