रिकामी पिशवी

मंगळवार, ऑगस्ट १९९७, नाशिक

आज कॉलेजच्या प्रयोगशाळेत सशाच्या डोळ्यात औषधाचा थेंब टाकायचा होता. मॅडम म्हणाल्या, "मामा, तुम्हीच धरा. तुमच्याकडे तो शांत बसतो." बसणारच. वर्षभर पंचवटीच्या बाजारातून कोथिंबिरीच्या काड्या आणून मीच त्याला घालतोय. पिशवी वाजली की तो जाळीशी येतो. आजही मी पिशवी वाजवली आणि तो आला. आत काहीच नव्हतं. हे मॅडमनी सांगितलं नव्हतं, मलाच सुचलं. थेंब पडल्यावर त्याने माझ्याच काखेत तोंड खुपसलं.

औषधं तपासावी लागतात, कळतं मला. पण रिकामी पिशवी?

सुट्टी झाल्यावर काड्या नेल्या, पिशवी वाजू नये म्हणून खिशातून. तरी तो जाळीशी आला, एक डोळा मिटलेला.