सासऱ्यांच्या रायफलला गवसणी

८ सप्टेंबर, रविवार
आज नक्की झालं. सासऱ्यांची रायफल मलाच मिळणार. त्यांना अजून माहीत नाही, एवढंच.

दुपारी जेवताना ऑर्व्हिलनी, म्हणजे सासरेबुवांनी, जाहीर केलं: गुडघे संपले, यंदा डोंगर चढणं नाही. शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी वडलांची रायफल कुणाला तरी देऊन टाकीन. 'कुणाला तरी' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मार्ला म्हणते, तुझ्यामागे रश्श्याचं भांडं होतं, त्याकडे पाहिलं. बायकोला माणसं ओळखता येत नाहीत.

या घरात रायफल ज्याची, खडक त्याचा. त्या मोठ्या खडकाआड बसलं की हरणं समोरून चालत येतात. लग्न झाल्यापासून मी या लोकांबरोबर डोंगरात जातो आणि दर वर्षी मला तळावरच्या चुलीपाशी बसवतात. वेंडेल, कॉफी झाली का? वेंडेल, बटाटे जळतायत. शिसारी आली आहे मला त्या बटाट्यांची.

आडवा येणारा एकच, मार्लाचा भाऊ डुएन. आज आपली रायफल मिरवत होता. खांद्याला टेकवायच्या दस्त्यावर दुकानातून आणलेली काळी नायलॉनची गवसणी, तिला काडतुसं खोचायला इलॅस्टिकच्या पट्ट्या. म्हातारे गुडघ्याला घालतात तसला प्रकार. शी! सासरे म्हणाले, काय रे डुएन, बंदुकीलाही संधिवात झाला का?

तिथेच मला सुचलं. अस्सल चामड्याची गवसणी, स्वतःच्या हाताने शिवलेली, दस्त्याच्या उजव्या अंगाला काडतुसांची रांग. ती पाहिल्यावर म्हातारा रायफल दुसऱ्या कुणाला देईल? एका शनिवारचं काम.

ता. क. मार्लाचं कोपर पुन्हा माझ्या कोपराला लागलं. कॉफी शर्टावर. एकोणीस वर्षं शेजारी बसते, अजून जेवायचं वळण नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार
खोगिरांच्या दुकानात गेलो. चामडं घेतलं. वासाने मळमळलं, पण गाय मेल्यावर गुलाबासारखी दरवळणार थोडीच.

दुकानवाली बाई नको तितकी चौकस. म्हणे, उजव्या हाताच्या माणसासाठी की डाव्या? मी म्हटलं, माझे दोन्ही हात चालतात. हसली. गिऱ्हाइकाला हसणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. आमच्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात मी काउंटरवर कधीच हसत नाही.

आज शिवायला घेणार होतो. पण चामडं दोन दिवस 'मुरू' द्यावं असं मला वाटतं.

२२ सप्टेंबर, रविवार
चामडं मुरलं. आज माप घेतलं, तेही गुपचूप.

सासरे आरामखुर्चीत, समोर टीव्हीवर फुटबॉल, तोंड उघडं. मी भिंतीवरून रायफल काढली, रिकामी असल्याची खात्री केली आणि किराण्याची खाकी पिशवी फाडून दस्त्याभोवती गुंडाळली. पेन्सिलने कडा काढल्या. जिथे काडतुसं येणार तिथे मोठ्या अक्षरात लिहिलं: उजवी बाजू. पद्धतशीर काम.

तेवढ्यात म्हाताऱ्याने एक डोळा उघडला. काय चाललंय जावईबापू? म्हटलं, धूळ पुसतोय. म्हणाले, वा, मग तो पंखाही पुसून टाक. पंखा पुसला. मग म्हणाले, पियानोमागेही बरीच आहे. पियानोमागे एक मेलेला उंदीर होता, तोही बराच जुना. आणि या घरात मी जेवतो!

२८ सप्टेंबर, शनिवार
चामडं कापलं! एका दमात!

चामडं कसं कापावं ते दाखवणाऱ्या व्हिडिओतले सगळे मूर्ख कागद चामड्याच्या गुळगुळीत बाजूवर ठेवून आखतात. डाग पडतात, पेन्सिल घसरते. मी शांतपणे चामडं पालथं घातलं, कागद खरखरीत बाजूवर ठेवला, 'उजवी बाजू' ही अक्षरं नीट वर दिसतील असा, आणि आखून कापून मोकळा. गुळगुळीत बाजूवर एक ओरखडा नाही. एवढी साधी गोष्ट जगात कुणालाच कशी सुचली नाही, याचं आश्चर्य वाटतं.

मार्ला गॅरेजमध्ये आली. तिची कात्री शोधत होती. मी म्हटलं, ही माझी घे की. म्हणाली, तुझी मला बोचते, वेंडेल, माहीत आहे ना तुला? मला काहीही माहीत नाही. एका घरात दोन कात्र्या. याला माज म्हणतात.

५ ऑक्टोबर, शनिवार
शिवण. यावर जास्त लिहायचं नाही.

चामड्याला सुई जात नाही. सुईला बोट मात्र आवडतं. रक्ताचे डाग पडले, पण तेल लावल्यावर रंग एकसारखा होईल. तेल लावलं. रंग एकसारखा झाला नाही, गवसणी तळल्यासारखी दिसायला लागली. कुत्र्याने दोनदा चाटली. चाटून ओकला. माझ्या बुटात.

मार्लाला दया आली. मी शिवू का थोडं, म्हणाली. बसली आणि काडतुसांची दोन घरं चटकन शिवून दिली. पण तिचे टाके उलट्या बाजूला कलतात! माझे एकीकडे, तिचे दुसरीकडे. मी सगळे उसवले. ती म्हणाली, अरे, माझ्या हाताचे तसेच पडतात. म्हटलं, मग हात सुधार. यावर ती सुई ठेवून आत गेली. बायकांना कारागिरीतलं बोललं की राग येतो.

घरांना आकार यावा म्हणून चामडं ओलं करून सातही घरांत काडतुसं दाबून बसवली. वाळेपर्यंत हात लावायचा नाही. संयम हाच खरा कारागीर.

१३ ऑक्टोबर, रविवार
संयम गेला खड्ड्यात.

काडतुसांना हिरवं काहीतरी फुटलंय. लोणच्याच्या जुन्या बरणीच्या झाकणाखाली असतं तसलं, चिकट. ओल्या चामड्यात पितळ आठवडाभर राहिलं की असं होतं म्हणे. हे आधी सांगायला काय झालं होतं? व्हिडिओत सांगितलं होतं, मार्ला म्हणते, मी पुढे ढकललं. साफ खोटं. मी फक्त लांबलचक भाग ढकलतो.

काडतुसं निघेनात. एकेक करून ओढली, हाताला तो हिरवा चिखल, नाकात तो वास. ती काडतुसं बाद. घरं मार्लाने व्हिनेगर लावून ब्रशने घासून दिली. एकदम स्वच्छ. मी खूश.

रात्री दात घासताना कळलं की ब्रश कोणता होता.

१९ ऑक्टोबर, शनिवार
आज माझ्या स्वतःच्या रायफलवर गवसणी चढवून पाहिली. खालून वादी ओवली. घट्ट. सुंदर. सात घरांत सात नवी काडतुसं. रायफल खांद्याला लावली, दस्त्यावर गाल टेकला.

सातही काडतुसं गालात.

प्रथम वाटलं रायफल उलटी धरली. मग वाटलं गाल उलटा आहे. गवसणी काढली, फिरवली, पुन्हा चढवली. उजव्या अंगाला यायची रांग डाव्या अंगालाच! आणि उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचा गाल डाव्या अंगालाच टेकतो. कागद काढला. त्यावर स्पष्ट लिहिलंय, उजवी बाजू. कागद बरोबर आहे. चामडं चुकलं.

तासाभराने डोक्यात प्रकाश पडला. चामडं पालथं घालून कापलं की सुलटं केल्यावर सगळं आरशातल्यासारखं होतं. व्हिडिओतल्या मूर्खांनी हे मुद्दाम लपवलं. मला त्या सगळ्यांची किळस आली आहे.

गाडी काढून खोगिरांच्या दुकानाकडे. दारावर पाटी: शिकारीला गेलो आहोत, नोव्हेंबरात या. ही काय धंदा करायची रीत झाली?

संध्याकाळी शांतपणे विचार केला. गालाजवळ काडतुसं असणं ही मुळात सोय आहे. शोधावी लागत नाहीत. शिवाय थंडीत गाल झाकलेला राहतो. माझ्या मते ही सुधारणाच आहे. सासऱ्यांना हल्ली नीट दिसतही नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
सासरच्यांची एक रीत आहे, ती मी विसरलो होतो. रायफल घेणाऱ्याने सगळ्यांसमोर डोळे मिटायचे, रिकामी रायफल खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. नेम भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्याच्या नाकावर आला तर रायफल तुमची. न आला तर तुम्ही तिचे नाही.

म्हणजे गाल टेकवावाच लागणार. तीन दिवस सराव करतोय. गाल आता जवळजवळ बधिर आहे. दुकानात एकाने विचारलं, दाढ काढली का? मी हसलो नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार
लिहावं की नाही ते कळत नाही. लिहितो.

सगळे जमले. हरणाच्या मटणाची चिली, म्हणजे झणझणीत रस्सा, सोबत दालचिनीचे रोल. मी गवसणी पुढे केली. सासऱ्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, टाक्यांवरून अंगठा फिरवला. जावईबापू, स्वतः शिवलीत? म्हटलं, स्वतः. डुएनचं तोंड उतरलं. आयुष्यात इतका बरा क्षण आला नव्हता. सासऱ्यांनी नवी काडतुसं खोचली, गवसणी चढवली आणि रायफल खरोखर पहिल्यांदा माझ्याच हातात दिली! म्हणाले, कर सुरुवात.

डोळे मिटले. खांद्याला लावली. गाल वाचवायला मान जरा उंच धरली. डोळे उघडले तर नेम सासूबाईंच्या घड्याळावर. परत, म्हणाले. या वेळी गाल दाबून टेकवला आणि तोंडातून 'आई गं' गेलं. नेम पंख्यावर. तोच पंखा.

डुएनने माझ्या गालाकडे पाहिलं आणि खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. सात खळगे, ओळीत. म्हणाला, अरे, याला तर चाळणीने मारलंय! मग त्याने रायफल घेतली. खांद्याला लावली आणि त्यालाही बसला दणका. ओरडला, कुणी केलं हे, शत्रूने? ही उलटी आहे, डॅड, काडतुसं भलत्याच बाजूला आहेत!

सासरे माझ्याकडे बघत होते. मी सुधारणेबद्दल बोलायला तोंड उघडलं. थंडीत गाल झाकलेला, वगैरे.

तेवढ्यात मार्ला उठली. हात पुसले, डुएनकडून रायफल घेतली, डोळे मिटले आणि खांद्याला लावली. डाव्या खांद्याला. गाल उजव्या अंगाला टेकला, काडतुसं बाहेरच्या अंगाला राहिली. डोळे उघडले. कुणी विचारायची गरजच नव्हती, नळी सरळ हरणाच्या नाकावर होती. तरी तिने परत करून दाखवलं. परत नाकावर.

सासऱ्यांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, पोरी, लहानपणी मी तुला उजव्याच खांद्यावरून नेम धरायला लावायचो. तू रडून सोडून दिलंस. मला वाटलं, मुलीला आवड नाही. मार्ला म्हणाली, आवड होती, डॅड. खांदा माझा नव्हता. म्हाताऱ्याचे डोळे भरले. ऑर्व्हिल म्हणाले, घे. रायफल तुझी. खडक तुझा.

मग ती माझ्याकडे वळली. सगळ्यांदेखत माझा सुजलेला गाल धरला. म्हणाली, वेंडेल, घरात कुणाच्या कधी लक्षात आलं नाही आणि तू माझ्यासाठी, माझ्या डाव्या हाताची बनवलीस? तरीच माझे टाके उसवलेस, मला कळू नये म्हणून! मी तुझ्यावर रुसले होते रे.

सगळे माझ्याकडे पाहत होते. सासूबाई नाक पुसत होत्या. मी म्हटलं, नवरा आहे मी.

दुसरं काय म्हणणार होतो? नंतर विचार केला, कदाचित आतल्या मनाला ठाऊकच असेल. त्याशिवाय चामडं पालथं घालायची बुद्धी कशी होईल? पाया पडावं असं काही मी केलं नाही, पण लोक म्हणत असतील तर म्हणू दे.

रायफल गेली ती गेलीच. चिलीची चव लागली नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार
पहाटे मार्ला डोंगरात गेली. सासऱ्यांनी पिकअप कुंपणापर्यंत नेली आणि गुडघे विसरून तिच्याबरोबर खडकापर्यंत चालत गेले. मी चुलीपाशी. बटाटे.

दुपारी हरीण घेऊन आले. मार्लाचे गाल लाल, डोळे असे की मी ते पूर्वी पाहिले नव्हते. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला गवसणी दाखवत होती. माझ्या नवऱ्याने केली. दोघांनी मला ऑर्डरही दिली. म्हटलं, बघू.

जेवायला बसताना मला एकदम जाणवलं, ती माझ्या उजवीकडे बसते. तिचा डावा हात, माझा उजवा. कोपरं लागणारच. इतकी वर्षं मी तिच्या वळणाला नावं ठेवली. मी गुपचूप ताट उचललं आणि तिच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो. कोपर लागलं नाही. कॉफी सांडली नाही. वाटलं, चला, निदान एवढं तरी बरोबर केलं.

मार्ला माझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे. मग पुन्हा खुर्चीकडे.

हळूच म्हणाली, म्हणजे मी डावखुरी हे तुला कालच कळलं तर.

मी म्हटलं, तिकडे वारा लागत होता. तिने माझ्या ताटातला दालचिनीचा रोल डाव्या हाताने उचलला आणि सबंध खाल्ला. मी बटाटे जळतात का ते बघायला उठलो.